राष्ट्रपती कसे निवडले जातात आणि त्यात नागपूरच्या मतदाराचा वाटा किती? स्वतः मोजून बघा

अमेरिकेची निवडणूक आली की आपल्याकडे सीताबर्डीपासून मानेवाड्यापर्यंत सगळ्यांना इलेक्टोरल कॉलेज (तिथला राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींचा, म्हणजे इलेक्टर्सचा गट) पाठ असतं, कोणतं स्टेट कुठे झुकून राहिलं, २७० चा आकडा कोण गाठणार, सगळं. पण आपले स्वतःचे राष्ट्रपती कसे निवडले जातात विचारलं तर "ते दिल्लीवाले ठरवतात" एवढ्यावर विषय संपतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण आपली पद्धत समजायला अवघड नाही, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर पंधरा-वीस मिनिटांत सगळा हिशोब होतो, आणि तो एकदा केला की "हे लोकशाहीत बसतं का" या प्रश्नावर नुसतं मत मांडण्याऐवजी आकड्यांनी बोलता येतं.

आधी एक गोष्ट सांगतो जी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. द्रौपदी मुर्मू यांनी २५ जुलै २०२२ ला शपथ घेतली, म्हणजे पाच वर्षांची मुदत २४ जुलै २०२७ ला संपते आणि त्याआधी नवीन निवडणूक व्हावी लागते. त्या निवडणुकीत तुमचा खासदार आणि तुमचा आमदार मत देणार. आता हे दोघं निवडून कधी आले? नागपूर आणि रामटेक लोकसभेचं मतदान १९ एप्रिल २०२४ ला झालं आणि विधानसभेचं २० नोव्हेंबर २०२४ ला. म्हणजे मधे राजीनामा, पोटनिवडणूक असं काही झालं नाही तर २०२७ च्या राष्ट्रपतीसाठी नागपूरकरांनी आपला कौल आधीच देऊन टाकलेला आहे. फक्त तेव्हा प्रचारात एकाही सभेत, एकाही पत्रकावर हा विषय नव्हता. माझी मुख्य तक्रार हीच आहे, आणि खालचं सगळं वाचल्यावर ती तुम्हाला पटते का ते तुम्हीच ठरवा.

पायरी पहिली: मत कोणाला आहे आणि कोणाला नाही

संविधानाच्या अनुच्छेद ५४ प्रमाणे राष्ट्रपतींना एक निर्वाचक गण निवडतो. त्यात लोकसभेचे आणि राज्यसभेचे निवडून आलेले खासदार आणि सगळ्या राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले आमदार. दिल्ली आणि पुदुच्चेरीचे आमदार १९९२ च्या ७० व्या घटनादुरुस्तीने यात आले. यातला "निवडून आलेले" हा शब्द नीट धरून ठेवा. राज्यसभेवर जे १२ जण नामनिर्देशित असतात, म्हणजे कलाकार, शास्त्रज्ञ, खेळाडू वगैरे, त्यांना राष्ट्रपती निवडताना मत नाही. उपराष्ट्रपती निवडताना मात्र आहे, आणि राष्ट्रपतींवर महाभियोग आला तर त्यातही ते मत देऊ शकतात.

आता नागपूरला लावून बघा. स्पर्धा परीक्षेची मुलं इथे हमखास अडखळतात. एका अभ्यासिकेत हा विषय समजावताना एक मुलगी म्हणाली, "सर, पदवीधर मतदारसंघात तर मी स्वतः नाव नोंदवलं, लाईनीत उभी राहून मत दिलं, मग तो आमदार तर निवडून आलेलाच आहे ना, त्याला मत का नाही?" प्रश्न एकदम बरोबर आहे. पण पदवीधर, शिक्षक किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेतून येणारे आमदार विधान परिषदेचे असतात, आणि निर्वाचक गणात फक्त विधानसभा आहे. महाराष्ट्राच्या परिषदेतल्या ७८ पैकी एकालाही मत नाही. याचं कारणही समजण्यासारखं आहे, विधान परिषद मोजक्याच राज्यांत आहे, तिला मत दिलं असतं तर परिषद असलेल्या राज्यांना फुकटचा जास्तीचा वाटा मिळाला असता. महापौर, नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य यांचा तर प्रश्नच नाही.

मग नागपूर जिल्ह्यातून मत कोणाला? शहरातले सहा आमदार म्हणजे दक्षिण-पश्चिम, दक्षिण, पूर्व, मध्य, पश्चिम, उत्तर, आणि ग्रामीणचे सहा म्हणजे काटोल, सावनेर, हिंगणा, उमरेड, कामठी, रामटेक. अधिक नागपूर आणि रामटेकचे दोन लोकसभा खासदार. झाले चौदा.

पायरी दुसरी: कॅल्क्युलेटर काढा

इथे एक मत म्हणजे एक मत नाही, प्रत्येक मताला मूल्य आहे. आमदाराच्या मताचं मूल्य काढायचं सूत्र असं: राज्याची १९७१ च्या जनगणनेची लोकसंख्या घ्यायची, तिला विधानसभेच्या निवडून येणाऱ्या एकूण जागांनी भागायचं, आलेल्या आकड्याला परत १००० ने भागायचं, आणि बाकी ५०० किंवा जास्त उरली तर एक वाढवायचा.

महाराष्ट्राची १९७१ ची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. भागिले २८८. येतात १,७५,०४२ आणि वर थोडं. याला १००० ने भागलं की १७५ आणि बाकी ४२. बाकी ५०० पेक्षा कमी, म्हणून १७५ वर थांबायचं. म्हणजे तुमचा आमदार कामठीचा असो की कुलाब्याचा, त्याच्या मताचं मूल्य १७५. पूर्ण राज्याचं १७५ गुणिले २८८, म्हणजे ५०,४००.

दुसरं एक राज्य करून बघा म्हणजे हात बसेल. झारखंड: १,४२,२७,१३३ भागिले ८१ म्हणजे १,७५,६४३. इथे बाकी ६४३ उरते म्हणून एक वाढवून १७६. म्हणजे झारखंडच्या आमदाराचं मत आपल्या आमदारापेक्षा एकने जास्त! पण घाबरायचं कारण नाही, पूर्ण झारखंडचं मूल्य १४,२५६ आणि आपलं ५०,४००. उत्तर प्रदेशच्या आमदाराचं २०८ आहे, हे सगळ्यात जास्त, आणि सिक्कीमचं ७, हे सगळ्यात कमी.

आता खासदार. सगळ्या राज्यांच्या आमदारांच्या मतांचं मूल्य एकत्र करायचं आणि निवडून येणाऱ्या खासदारांच्या संख्येने भागायचं, म्हणजे देशाचं आणि राज्यांचं पारडं समान राहतं. २०२२ मध्ये आमदारांचं एकूण मूल्य ५,४३,२३१ होतं आणि खासदार ७७६ (लोकसभेचे ५४३, राज्यसभेचे २३३). भागाकार ७००. त्याआधी २०१७ ला तो ७०८ होता, कमी झाला कारण मधल्या काळात जम्मू-काश्मीरची विधानसभा अस्तित्वात नव्हती. लोकसभा किंवा राज्यसभा, खासदार कुठलाही असो, मूल्य सारखंच.

तर २०२२ च्या हिशोबाने नागपूर जिल्हा: १२ गुणिले १७५ म्हणजे २,१०० आणि २ गुणिले ७०० म्हणजे १,४००. एकूण ३,५००. पूर्ण विदर्भाचे ६२ आमदार आणि १० लोकसभा खासदार धरले तर १०,८५० अधिक ७,०००, म्हणजे १७,८५०. आणि पूर्ण देशाचं एकूण मूल्य होतं १०,८६,४३१. म्हणजे विदर्भ दीड टक्क्यापेक्षा थोडा जास्त. २०२७ मध्ये खासदाराचं मूल्य परत नव्याने काढतील, तेव्हा वरचे ७०० तेवढे बदलून घ्या, पद्धत हीच.

१९७१ च का, २०११ का नाही?

ही पायरी नाही पण इथे थांबावंच लागतं कारण सगळ्यात जास्त वाद यावरच होतो. मूळ संविधानात लोकसंख्या म्हणजे शेवटची जनगणना असंच होतं. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने ती १९७१ वर गोठवली आणि २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वाढवली. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे, त्यामुळे तिचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत १९७१ च चालणार.

गोठवण्यामागचा विचार असा की ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन नीट राबवलं त्यांना त्याची शिक्षा मिळू नये. विचार चुकीचा नाही. पण त्याची किंमत किती ते मोजा, हे मी स्वतः मांडलेलं गणित आहे आणि तुम्हीही ताडून बघू शकता. २०११ ची लोकसंख्या घ्या आणि तिला त्या राज्याच्या एकूण मतमूल्याने भागा, म्हणजे एका मूल्यामागे किती माणसं उभी आहेत ते कळतं. महाराष्ट्र ११,२३,७४,३३३ भागिले ५०,४०० म्हणजे साधारण २,२३०. उत्तर प्रदेश २,३८४ च्या आसपास. केरळ फक्त १,५७० च्या आसपास, तामिळनाडू १,७५० च्या आसपास. सूत्राप्रमाणे हे सगळीकडे सारखंच असायला पाहिजे होतं. म्हणजे आज केरळच्या माणसाचं वजन उत्तर प्रदेशच्या माणसाच्या दीडपट आहे, आणि केरळच्या मानाने महाराष्ट्राचा माणूसही नुकसानीतच आहे.

आता हेच अमेरिकेला लावा. तिथे २०२० च्या जनगणनेप्रमाणे वायोमिंगची लोकसंख्या ५ लाख ७७ हजारांच्या आसपास आणि इलेक्टर ३, कॅलिफोर्नियाची ३ कोटी ९५ लाख आणि इलेक्टर ५४. वायोमिंगमध्ये एका इलेक्टरमागे दोन लाखांपेक्षा कमी माणसं, कॅलिफोर्नियात सात लाखांपेक्षा जास्त. जवळपास चौपट फरक. आपला केरळ आणि उत्तर प्रदेशातला फरक दीडपट. आणि आपल्याकडे लहान राज्य म्हणून कोणाला जास्तीचं काही मिळत नाही, सिक्कीमचं करून बघा, ६,१०,५७७ भागिले २२४, एका मूल्यामागे २,७०० पेक्षा जास्त माणसं येतात. म्हणून जे लोक म्हणतात की आपली पद्धत अमेरिकेची कॉपी आहे त्यांना हे दोन भागाकार करायला सांगा.

पायरी तिसरी: कॅलेंडर समजून घ्या, कारण खरी गोष्ट इथेच घडते

मुदत संपण्याच्या आधीच्या साठ दिवसांत अधिसूचना निघते. २०२२ चं वेळापत्रक डोळ्यासमोर ठेवा: १५ जूनला अधिसूचना, २९ जूनपर्यंत अर्ज, ३० ला छाननी, २ जुलैपर्यंत माघार, १८ जुलैला मतदान, २१ ला मोजणी. निवडणूक अधिकारी म्हणून लोकसभा आणि राज्यसभेचे महासचिव आलटून पालटून काम करतात, २०२२ ला राज्यसभेचे होते.

उभं कोण राहू शकतं? भारताचा नागरिक, वय ३५ पूर्ण, लोकसभेवर निवडून यायला पात्र, आणि लाभाचं पद नको. कागदावर तुम्ही-आम्ही सगळे बसतो. पण अर्जावर ५० सूचक आणि ५० अनुमोदक पाहिजेत, आणि ते शंभरही खासदार-आमदारच असायला पाहिजेत, एकाने एकाच उमेदवाराला सही द्यायची. वर १५,००० रुपये डिपॉझिट. सुरुवातीला असं नव्हतं, १९६९ ला तर पंधरा उमेदवार होते. मग १९७४ मध्ये १० सूचक आणि १० अनुमोदकांची अट आली आणि १९९७ मध्ये ती ५०-५० झाली. १९७७ ला ३७ जणांनी अर्ज भरले, ३६ बाद झाले आणि नीलम संजीव रेड्डी बिनविरोध निवडून आले.

शंभर सह्यांची अट मला खटकत नाही. मला खटकतं ते दुसरंच. २०२२ मध्ये दोन्ही बाजूंचे उमेदवार २१ जूनला जाहीर झाले आणि मतदान १८ जुलैला. सत्तावीस दिवस. ज्या पदाच्या सहीने राज्यात राष्ट्रपती राजवट लागते आणि उठते, त्या पदावर कोण बसणार याची नावं देशाला सत्तावीस दिवस आधी कळली. त्याआधी जे काही ठरलं ते बंद खोलीत, आणि यात कोणताच पक्ष दुसऱ्यापेक्षा वेगळा नाही. आमदारालाही नाव टीव्हीवरच कळतं. मतदान कितीही स्वच्छ असलं तरी निवडीचा सगळ्यात मोठा भाग, म्हणजे उमेदवार कोण, तो मतपेटीच्या आधीच संपलेला असतो, आणि तिथपर्यंत लोकशाही पोचतच नाही.

पायरी चौथी: मतदानाच्या दिवशी आत काय होतं

हिवाळी अधिवेशन इथे सिव्हिल लाईन्सला भरतं म्हणून अनेकांना वाटतं मतदानही इथल्या विधान भवनात होत असेल. नाही, आमदार मुंबईच्या विधान भवनात मत देतात आणि खासदार दिल्लीला संसद भवनात.

ईव्हीएम नसतं. कागदी मतपत्रिका, खासदारांना हिरवी, आमदारांना गुलाबी. पक्षाचं चिन्ह नसतं, नुसती नावं आणि शेजारी रिकामा रकाना. निवडणूक आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेननेच लिहायचं, खिशातला पेन वापरला तर मत बाद. बरोबरची खूण, फुली, सही, काही चालत नाही, फक्त आकडा. पहिल्या पसंतीच्या नावापुढे १, मग पाहिजे असेल तर २, ३ असं. आकडा इंग्रजी लिहा, रोमन लिहा की आपला देवनागरी लिहा, चालतो, पण अक्षरात "एक" लिहिलं की मत गेलं. १ हा आकडा कुठेच नसला किंवा दोन नावांपुढे असला तरी गेलं. हे सगळं इतकं सोपं असूनही २०२२ ला ५३ मतं बाद झाली. आपण ज्यांना कायदे करायला पाठवतो त्यांची ५३ मतं. मला हे माफ करण्यासारखं वाटत नाही.

मतदान गुप्त असतं आणि पक्षाला व्हिप, म्हणजे कोणाला मत द्यायचं याचा बंधनकारक आदेश, काढता येत नाही. म्हणजे आमदाराने पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध मत दिलं तरी पक्षांतरबंदी कायदा लागू होत नाही. राज्यसभेच्या निवडणुकीत मत पक्षाच्या एजंटला दाखवावं लागतं, इथे दाखवणं चालतच नाही. यावर मी खूप वेळ विचार केला आहे. आमदाराला पक्षापासून मोकळं ठेवायचं असेल तर गुप्तता पाहिजेच. पण त्याच पडद्यामागे तो माझ्यापासूनही लपतो, मी ज्याला निवडून दिलं त्याने माझ्या नावावर राष्ट्रपती म्हणून कोणाला मत दिलं हे मला कधीच कळत नाही. माझ्या मते गुप्तता राहू द्यावी, पण आमदाराने स्वतःहून सांगायला काय हरकत आहे, आणि आपण विचारायला काय हरकत आहे?

मतपेट्या मग विमानाने दिल्लीला जातात, अधिकाऱ्याच्या शेजारच्या सीटवर. २०२२ ला प्रत्येक पेटीसाठी वेगळं तिकीट होतं आणि तिकिटावर प्रवाशाचं नाव "मिस्टर बॅलट बॉक्स" असं होतं. पेटी क्षणभरही नजरेआड होऊ नये म्हणून ही काळजी, आणि ती मला मनापासून आवडते.

पायरी पाचवी: मोजणी, आणि १९६९ चा हिशोब

जिंकायला सगळ्यात जास्त मतं पुरत नाहीत, निम्म्यापेक्षा जास्त लागतात. वैध मतांचं एकूण मूल्य, त्याचे निम्मे, अधिक एक, हा झाला कोटा. २०२२ ला मुर्मूंना ६,७६,८०३ आणि यशवंत सिन्हांना ३,८०,१७७. बेरीज १०,५६,९८०, कोटा ५,२८,४९१, विषय पहिल्याच फेरीत संपला. २००७ ला प्रतिभाताई पाटील ६,३८,११६ विरुद्ध भैरोसिंह शेखावत ३,३१,३०६, तेही तसंच. प्रतिभाताई आधी आपल्या शेजारच्या अमरावतीच्या खासदार होत्या, आणि तेव्हा शिवसेनेने युती बाजूला ठेवून मराठी उमेदवार म्हणून त्यांना पाठिंबा दिला होता. पक्षाची रेष ओलांडली जाऊ शकते याचं ते आपल्या राज्यातलं ठळक उदाहरण.

पण पसंतीक्रम का ठेवलाय ते समजायचं असेल तर १९६९ घ्या, दुसऱ्या पसंतीपर्यंत गेलेली ती एकमेव निवडणूक. मे मध्ये झाकीर हुसेन पदावर असतानाच गेले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी काम बघत होते, त्यांनी निवडणूक लढवायला राजीनामा दिला, मग सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांनी २० जुलै ते २४ ऑगस्ट राष्ट्रपतीपदाचं काम पाहिलं. हे हिदायतुल्ला म्हणजे नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी आणि नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले, आपल्या गावाचा हा मान फार कमी जणांना माहीत आहे. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी, पण पंतप्रधान इंदिरा गांधींनी अंतरात्म्याच्या आवाजाप्रमाणे मत द्या असं सांगितलं आणि पक्ष दुभंगला. तिसरे उमेदवार सी. डी. देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, जे आयसीएस (ब्रिटिश काळातले सनदी अधिकारी) म्हणून मध्य प्रांत आणि वऱ्हाडातच कामाला होते. त्यांना स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाचा पाठिंबा होता.

आता मोजा. वैध मतांचं मूल्य ८,३६,३३७, म्हणून कोटा ४,१८,१६९. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. गिरी पुढे, पण कोट्याला १६,६५४ कमी. मग सगळ्यात कमी मतं असलेल्यापासून एकेकाला बाद करत त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती उरलेल्यांकडे वळवत गेले, शेवटी देशमुखांची मतं वळली. त्यातली बहुतेक रेड्डींकडे गेली. शेवटचा आकडा गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. रेड्डींना वळून ९१,८७९ मिळाले, गिरींना फक्त १८,५६२, पण तेवढ्याने ते कोट्याच्या १,९०८ वर गेले. इतकी अटीतटी होती.

या निकालाविरुद्ध याचिका झाली आणि पदावर असलेले राष्ट्रपती गिरी स्वतः सुप्रीम कोर्टात साक्षीला हजर राहिले. याचिका फेटाळली गेली, पण सगळ्यात मोठ्या पदावरचा माणूस कोर्टात येऊन उत्तरं देतो, लोकशाही आहे का याचं एक उत्तर त्यातही आहे. नियम मात्र लक्षात ठेवा, राष्ट्रपती निवडणुकीला फक्त सुप्रीम कोर्टात आव्हान देता येतं आणि तेही उमेदवाराला किंवा किमान २० खासदार-आमदारांना. सामान्य मतदाराला नाही.

मग ही लोकशाही आहे का?

आपल्या महाराष्ट्रात थेट की आडून हा वाद नवीन नाही. सरपंच थेट जनतेतून निवडायचा असं २०१७ ला झालं, २०२० ला बंद झालं, २०२२ ला परत सुरू झालं. नागपूरचा महापौर मात्र नगरसेवकच निवडतात. म्हणून "आडून निवडलं म्हणजे लोकशाही नाही" हे वाक्य मला पटत नाही, त्या माणसाच्या हातात काय आहे यावर ते ठरतं.

संविधान सभेत के. टी. शाह यांनी थेट निवडणुकीचा आग्रह धरला होता. नेहरू आणि आंबेडकरांचं म्हणणं वेगळं होतं: खरी सत्ता मंत्रिमंडळाकडे आहे, मग कोट्यवधी लोकांचं थेट मत घेतलेला राष्ट्रपती नुसता सल्ल्याने सही कशी करेल, तो उद्या पंतप्रधानाशी भांडेल, आणि खर्च आणि धावपळ वेगळीच. मला हा युक्तिवाद बराचसा पटतो. आयर्लंडमध्ये बिनसत्तेचा राष्ट्रपती थेट लोक निवडतात आणि तिथे काही बिघडलेलं नाही, हे खरं, पण तो देश आपल्या विदर्भाएवढ्याही लोकसंख्येचा नाही. जर्मनी आपल्याला जवळचा, तिथे संसदेचे सदस्य आणि तेवढेच राज्यांनी पाठवलेले प्रतिनिधी मिळून निवडतात. अमेरिकेत तर २०१६ ला हिलरी क्लिंटन यांना देशभरात २८ लाखांपेक्षा जास्त मतं जास्त मिळूनही त्या हरल्या आणि २००० मध्ये फ्लोरिडाच्या ५३७ मतांवर सगळं ठरलं, आणि तिथला राष्ट्राध्यक्ष म्हणजे खरा सत्ताधारी. त्यामानाने आपली पद्धत जास्त न्याय्य आहे हे मी खात्रीने म्हणतो.

पण राष्ट्रपती म्हणजे रबर स्टॅम्प, काय फरक पडतो, असं कोणी म्हटलं तर मान्य करू नका. १९९७ ला के. आर. नारायणन यांनी उत्तर प्रदेशातली राष्ट्रपती राजवटीची शिफारस परत पाठवली. १९८६ चं पोस्टाचं बिल, ज्याने सरकारला लोकांची पत्रं उघडायचा अधिकार मिळाला असता, ते झैलसिंग यांनी सही न करता ठेवून दिलं. १९७५ ला फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीवर सही केली. आणि आपल्या घरातलंच उदाहरण, १२ नोव्हेंबर २०१९ ला महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट लागली आणि २३ नोव्हेंबरच्या पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली. कोणी केव्हा सही केली, कोणी थांबून प्रश्न विचारला, कोणी नाही, याने आपल्या रोजच्या आयुष्यावर फरक पडतो.

म्हणून माझं मत: मोजणी लोकशाही आहे, वजन बऱ्यापैकी लोकशाही आहे, १९७१ चा प्रश्न सुटायला पाहिजे, आणि उमेदवार ठरवण्याची पद्धत लोकशाही नाही. शेवटचं दुरुस्त करायला घटनादुरुस्ती लागत नाही, मतदाराने विचारायला सुरुवात करावी लागते.

पायरी सहावी: २०२७ च्या आधी तुम्ही काय करायचं

पहिलं, आपला मतदारसंघ कोणता हे पक्कं करा, शहरात दक्षिण आणि दक्षिण-पश्चिमच्या सीमेवर राहणाऱ्यांचा फार गोंधळ होतो, मतदार यादीत बघून घ्या. दुसरं, एप्रिल-मे २०२७ मध्ये, म्हणजे नावं जाहीर व्हायच्या आधी, आमदाराच्या आणि खासदाराच्या जनसंपर्क कार्यालयात साधं पत्र द्या आणि पोच घ्या, व्हॉट्सअॅपवर पाठवून सोडून देऊ नका. दहा-पंधरा जणांनी मिळून दिलं तर जास्त चांगलं, अभ्यासिकेतल्या मुलांनी हे आवर्जून करावं. उन्हाळ्यात आमदार मतदारसंघात असतात, पावसाळी अधिवेशन लागलं की मुंबईला जातात, म्हणून वेळ गाठा. तिसरं, निकालानंतर राज्यवार आकडे बाहेर येतात, त्यातून महाराष्ट्रातून कोणाला किती मतं गेली आणि किती बाद झाली ते बघा.

पत्रात लांबलचक काही लिहू नका, एवढं पुरे:

"मा. आमदार साहेब, येत्या राष्ट्रपती निवडणुकीत आमच्या मतदारसंघाच्या वतीने आपण १७५ मूल्याचं मत देणार आहात. त्याबद्दल आम्हाला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. उमेदवार ठरवताना आपल्या पक्षाने आपलं मत विचारलं का? आपण मत देताना उमेदवाराच्या कोणत्या गोष्टी बघणार आहात? आणि मतदानानंतर आपण कोणाला पहिली पसंती दिली हे मतदारांना सांगाल का? कृपया लेखी उत्तर द्यावं. आपले मतदार."